औषध की शरणागती? अफूजन्य व्यसनांवरील बदली औषधांचा इतिहास

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक माता साक्रिस्तीच्या दाराशी आमची वाट पाहत उभी होती. रुमालात गुंडाळलेली गोळ्यांची एक पट्टी तिने आमच्या हाती दिली. तिचा मुलगा ब्राउन शुगरच्या, आपल्याकडे ज्याला गर्द म्हणतात त्या विषाच्या आहारी गेला होता. दोनदा तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत पुन्हा घसरला होता. आता एका डॉक्टरांनी त्याला रोज जिभेखाली ठेवावयाची गोळी सुरू केली होती, आणि ती किती दिवस घ्यावी लागेल याची मुदत सांगितली नव्हती. ही गोळीदेखील अफूच्याच कुळातली आहे असे कोणीतरी त्या माउलीच्या कानावर घातले होते. ‘‘फादर, हे औषध म्हणायचे की दुसरे व्यसन?’’ एवढाच तिचा प्रश्न होता. सेमिनरीत शिकलेल्या नीतिशास्त्राच्या भरवशावर आम्ही तिला जागच्या जागी उत्तर देऊन टाकले. ते उत्तर काय होते हे पुढे सांगूच. परंतु हा प्रश्न त्या माउलीच्या आधी शंभर वर्षे निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांनी, न्यायाधीशांनी आणि मतदारांनीही विचारला होता, हे आम्हांला त्या वेळी ठाऊक नव्हते. तो इतिहास वाचकांसमोर मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

अफूच्या बोंडाच्या चिकातून सर्ट्यूर्नर नावाच्या एका तरुण जर्मन औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॉर्फिन वेगळे काढले. त्याच शतकाच्या अखेरीस, १८९८ मध्ये, बायर कंपनीने मॉर्फिनवर प्रक्रिया करून तयार केलेले हेरॉइन बाजारात आणले, आणि ते खोकल्यावरचे औषध म्हणून खुशाल विकले गेले. हेरॉइनची सवय लागत नाही, अशीही त्या काळी अनेकांची समजूत होती. पुढे काय झाले ते जग जाणते. नव्या औषधाची स्तुती ऐकताना ही हकीकत आठवावी, आणि प्रस्तुत लेखातील औषधेही त्याला अपवाद मानू नयेत.

आपणही या कथेत केवळ प्रेक्षक नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून आणि दमणमार्गे चीनला जात असे, त्या व्यापारात सर जमशेटजी जीजीभाईंच्या बरोबरीने रोजर दि फारिया हे गोमंतकीय कॅथोलिक व्यापारीही होते. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना निजवून ठेवण्यासाठी अफूची बाळगोळी देत. स्वतंत्र भारताने १ एप्रिल १९५९ पासून औषधी कारणाखेरीज अफू खाण्यास बंदी केली. तथापि ज्या जुन्या व्यसनी माणसांना अफूवाचून जगणे अशक्य होते त्यांची नावे नोंदवून त्यांना परवान्यावर ठरावीक अफू मिळत राहील अशी तजवीजही केली. त्या व्यवस्थेला कोणी उपचार म्हटले नाही, पण तिचे स्वरूप उपचाराचेच होते.

येथे या व्यसनाचा स्वभाव थोडा समजून घ्यावयास हवा. अफू, मॉर्फिन वा हेरॉइन दीर्घकाळ मिळत राहिले की मेंदू ते द्रव्य गृहीत धरून आपला तोल बसवतो. मग ते थांबले की अंग ठणकते, जुलाब लागतात, घाम फुटतो, झोप उडते. ही यातना आठ-पंधरा दिवसांत ओसरते. ओढ मात्र वर्षानुवर्षे जात नाही. याहून मोठा धोका निराळाच आहे. काही आठवडे वर्ज्य केल्यावर शरीराची पूर्वीची सहनशक्ती उतरते, आणि अशा वेळी मनुष्य घसरला व त्याने जुन्याच मापाने विष घेतले तर त्याचा श्वास थांबतो. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत जीवघेणे असतात.

अमेरिकेत १९१४ चा हॅरिसन कायदा झाला तेव्हा डॉक्टरांनी आपल्या व्यवसायाच्या ओघात मॉर्फिन देण्यास हरकत नव्हती. परंतु १९१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, केवळ व्यसनी माणसाला स्वस्थ ठेवण्यासाठी मॉर्फिन लिहून देणे हा वैद्यकीय व्यवसाय म्हणता येणार नाही. रुग्ण रस्त्यावर येऊ नयेत म्हणून त्याच सुमारास अनेक शहरांनी स्वतःचे दवाखाने उघडले होते. त्यांपैकी काही ढिसाळ होते, हे मान्य केले पाहिजे. पण लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे डॉ. विलिस बटलर यांनी चालविलेला दवाखाना शिस्तीचा होता. रुग्णाची नोंद होई, तपासणी होई, माफक दरात मॉर्फिन मिळे, आणि गावच्या पोलिसांना व न्यायाधीशांना तो दवाखाना हवा होता. तरीही केंद्र सरकारच्या दबावामुळे १९२३ मध्ये तो बंद करावा लागला. पुढची चाळीस वर्षे त्या देशात व्यसनी माणसाला प्रामुख्याने दोनच दारे उघडी होती: तुरुंग, किंवा केंटकीतील लेक्सिंग्टनचे सरकारी रुग्णालय, जे १९३५ मध्ये उघडले आणि जेथून बाहेर पडलेले बहुसंख्य लोक पुन्हा व्यसनाकडे वळले.

इंग्लंडने याच काळात निराळा निर्णय केला. सर हम्फ्री रोलस्टन यांच्या अध्यक्षतेखालील डॉक्टरांच्या समितीने १९२६ मध्ये असे मत दिले की, जो रुग्ण प्रयत्न करूनही व्यसन सोडू शकत नाही, पण थोड्या ठरावीक मात्रेवर कामधंदा करून सर्वसामान्य जीवन जगू शकतो, त्याला डॉक्टराने ती मात्रा देत राहावे. यात मृदुपणा होता असे आम्हांस वाटत नाही. समितीने फक्त शुद्ध व्यवहार पाहिला. त्या देशात तेव्हा व्यसनी थोडे होते आणि त्यांत बरेचसे दुखण्यात मॉर्फिन मिळून सवय लागलेले होते, हेही खरे. १९६० च्या दशकात तरुणांत हेरॉइन पसरू लागले तेव्हा इंग्लंडलाही नियम आवळावे लागले, आणि १९६८ पासून व्यसनासाठी हेरॉइन लिहून देण्याचा अधिकार खास परवाना असलेल्या डॉक्टरांपुरता राहिला.

आज बदली औषध म्हटले की जे नाव प्रथम येते ते मेथाडोन. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत वेदनाशामक म्हणून ते तयार झाले होते. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डॉ. व्हिन्सेंट डोल, डॉ. मेरी निस्वांडर आणि तरुण डॉ. मेरी जीन क्रीक यांनी त्याचा व्यसनी रुग्णांवर उपयोग करून पाहिला. निस्वांडरबाईंनी लेक्सिंग्टनला नोकरी केली होती, तेथली पराभूत माणसे पाहिली होती, आणि व्यसनी हा रुग्ण आहे असे प्रतिपादणारे पुस्तक १९५६ मध्येच लिहिले होते. पहिल्या रुग्णांना त्यांनी आधी मॉर्फिनच देऊन पाहिले. ते दिवसभर सुस्त बसून पुढच्या सुईची वाट पाहत, आणि मात्रा वाढवूनच मागत. मग मेथाडोन दिले. ते तोंडावाटे घेता येते, त्याचा अंमल दिवसभर टिकतो, झिंग चढत नाही आणि उताराची यातनाही होत नाही. काही दिवसांत त्याच माणसांचे बोलणे बदलले. एकाला चित्रे काढावीशी वाटू लागली, दुसऱ्याला अर्धवट राहिलेली शाळा पुरी करावीशी वाटली. १९६५ मध्ये त्यांनी २२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि या उपचाराचे नवे पर्व सुरू झाले.

तरीपण मेथाडोन सर्वांना मानवले नाही. रोज दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे लागे, नोकरी सांभाळणे कठीण जाई, शेजारीपाजारी बोट दाखवीत. मात्रा चुकली तर मेथाडोननेही मृत्यू येतो. म्हणून पर्यायांचा शोध सुरू झाला, आणि त्यातही सरळ यश मिळाले असे नाही. आठवड्यातून तीनदाच घ्यावे लागणारे लाम नावाचे औषध अमेरिकेत १९९३ मध्ये मान्य झाले. ते हृदयाचे ठोके बिघडवते असे दिसून आल्यावर २००१ मध्ये युरोपात मागे घेतले गेले आणि अमेरिकेतही २००३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ऑस्ट्रियाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सावकाश विरघळणारे मॉर्फिन तोंडावाटे देण्यास आरंभ केला, आणि तेथे पुढे तेच सर्वांत अधिक वापरले जाणारे औषध ठरले. इराणात अफूचा अर्क मापाने देण्याचा उपचारही चालतो.

या पर्यायांत सर्वांत दूर पोहोचले ते ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजेच त्या माउलीच्या पट्टीतील गोळी. १९६६ मध्ये इंग्लंडमधील हल शहरी रेकिट कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले. त्याचा विशेष असा की, ते मेंदूतील अफूची जागा धरून ठेवते, पण अफूएवढे काम करीत नाही. मात्रा वाढवली तरी श्वासावरचा परिणाम एका मर्यादेनंतर फारसा वाढत नाही, आणि त्यावर हेरॉइन घेतले तर त्याची झिंग बोथट होते. फ्रान्सने १९९६ मध्ये कोणाही सामान्य डॉक्टराला ते लिहून देण्याची मुभा दिली. १९९५ ते १९९९ या अवघ्या चार वर्षांत तेथील अफूजन्य द्रव्यांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे चार-पंचमांशांनी घटले. गोळ्या कुटून सुईने टोचून घेणारेही त्याच फ्रान्समध्ये निघाले, हे सांगितले नाही तर आम्ही अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन या दोहोंचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

परंतु बदली औषधाचा प्रश्न त्याच्या कठोरतम रूपात उभा राहिला तो स्वित्झर्लंडमध्ये. झुरिक शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकामागे, राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाला लागून, लिम्मट आणि झील या दोन नद्यांच्या संगमावर प्लाट्झश्पिट्झ नावाची जुनी बाग आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शहराने व्यसनी लोकांना तेथे एकत्र येऊ दिले, आणि पाहता पाहता युरोपभरचे तरुण त्या बागेत गोळा झाले. जगातील अत्यंत श्रीमंत शहराच्या मध्यभागी, उघड्यावर, शेकडो माणसे रोज हातापायांत सुया टोचीत होती. एड्स पसरत होता. १९८५ मध्ये तर निर्जंतुक सिरिंज देणाऱ्या डॉक्टरांना परवाना काढून घेण्याची धमकी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने दिली होती; काही डॉक्टरांनी ती धुडकावून सिरिंज वाटल्या. एर्न्स्ट झीबर या प्रॉटेस्टंट पाळकाने एड्सग्रस्त, बेघर व्यसनी लोकांसाठी लहानसे रुग्णालय उभारले. ५ फेब्रुवारी १९९२ रोजी बाग बंद करण्यात आली. माणसे मात्र नाहीशी झाली नाहीत. ती लेटनच्या वापरात नसलेल्या रेल्वे स्थानकावर गेली, आणि तेही १९९५ च्या फेब्रुवारीत बंद करावे लागले. देशात दरवर्षी चारशेच्या आसपास माणसे व्यसनापायी दगावत होती.

जानेवारी १९९४ मध्ये स्विस सरकारने जे केले ते ऐकून पुष्कळांना धक्का बसला. ज्यांना दुसऱ्या उपचारांनी पुन्हा पुन्हा अपयश आले होते, ज्यांची प्रकृती व संसार उद्ध्वस्त झाले होते, अशा निवडक रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइनच देण्याचा प्रयोग सुरू झाला. रुग्णाने दिवसातून दोन-तीनदा दवाखान्यात यावे, परिचारिकेसमोर शुद्ध, मोजलेली मात्रा घ्यावी, आणि सोबत डॉक्टर, समाजसेवक, घर व काम यांची मदत घ्यावी, असा क्रम होता. प्रा. अँब्रोस उख्टेनहागेन यांच्या मार्गदर्शनाखाली तीन वर्षांत हजाराहून अधिक रुग्ण या प्रयोगात आले. दिलेल्या हेरॉइनच्या अतिमात्रेने त्यांतला एकही दगावला नाही. चोऱ्यामाऱ्या घटल्या, बेघरांना घरे मिळाली, काही जण कामाला लागले, आणि काही जण पुढे हेरॉइन पूर्णपणे सोडण्याच्या उपचारांकडेही वळले.

स्वित्झर्लंडमध्ये असे निर्णय अखेर जनतेच्या दारात जातात. १९९७ मध्ये हे सर्व बंद करून केवळ वर्ज्यतेचाच मार्ग ठेवावा ही मागणी सुमारे ७१ टक्के मतदारांनी फेटाळली. पुढच्याच वर्षी सर्व अमली द्रव्ये कायदेशीर करावीत ही उलट टोकाची मागणी ७४ टक्के मतदारांनी फेटाळली. जून १९९९ मध्ये हेरॉइनच्या उपचाराला ५४ टक्के मते पडली, आणि ३० नोव्हेंबर २००८ रोजी तो कायम करणाऱ्या कायद्याला ६८ टक्के. या काळात आरोग्यखाते सांभाळणाऱ्या रूथ ड्रायफस १९९९ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षही झाल्या. आमच्या मते या चार मतदानांतले दुसरे मतदान ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जो समाज रुग्णाला दवाखान्यात हेरॉइन देण्यास तयार झाला, तोच समाज ते दुकानात विकू देण्यास तयार नव्हता.

असे उपचार पाहून नवे तरुण व्यसनाकडे ओढले जातील ही भीती तेव्हा अनेकांना वाटे, आम्हांलाही वाटली असती. झुरिकच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, १९९० मध्ये त्या कॅन्टनमध्ये नव्याने हेरॉइन घेऊ लागलेले सुमारे ८५० लोक होते, तर २००२ मध्ये हा आकडा १५० वर आला होता. रोज रांगेत उभा राहणारा, अकाली थकलेला रुग्ण पाहून तरुणांना हेरॉइनमध्ये काही आकर्षण उरले नाही, असे त्यांचे अनुमान होते. नेदरलँड्स, जर्मनी, इंग्लंड आणि कॅनडा यांनीही पुढे स्वतःचे प्रयोग केले. तरीसुद्धा हेरॉइनचा उपचार हा थोड्यांपुरताच राहिला आहे, आणि स्वित्झर्लंडमध्येही बदली औषध घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना मेथाडोन किंवा तत्सम औषधच दिले जाते.

आता आपल्या ख्रिस्तसभेच्या भूमिकेकडे वळू, कारण आमच्या उत्तराचे मूळ तेथे होते. सप्टेंबर १९८४ मध्ये व्यसनमुक्तीच्या निवासी केंद्रांच्या जागतिक परिषदेपुढे पोप जॉन पॉल दुसरे यांनी अमली द्रव्यांवर अमली द्रव्यांनी मात करता येत नाही, आणि बदली द्रव्ये हा पुरेसा उपचार नसून ती एक झाकलेली शरणागती आहे, अशा आशयाचे विचार मांडले. २० जून २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनीही रोम येथे याच अर्थाचे उद्गार काढले. या इशाऱ्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? गोळी हातावर टेकवून माणसाला विसरून जाणे सरकारला स्वस्त पडते. ज्या दवाखान्यात रुग्णाशी दोन शब्द बोलायला कोणी नाही, तेथे पोपमहोदयांचा शब्द अक्षरशः खरा ठरतो. पण श्रीव्हपोर्टचे डॉ. बटलर किंवा झुरिकच्या परिचारिका यांनी माणसाला सोडून दिले होते काय? आम्ही हा इतिहास पुन्हा पुन्हा वाचला, आणि आम्हांस असे दिसले की, शरणागती पत्करली ती दवाखाने बंद करून रुग्णाला गल्लीत ढकलणाऱ्यांनी. आणखी एक साधी गोष्ट सेमिनरीत आम्ही ध्यानात घेतली नव्हती. भल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेलाबरोबर द्राक्षारसही ओतला होता, आणि सराईवाल्याला पुढच्या खर्चाची मुदत घातली नव्हती.

भारतातही हा उपचार आता नवा राहिलेला नाही. गर्दची लाट मुंबईवर आली त्या १९८० च्या दशकात फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्याला १९८१ मध्ये कृपा फाउंडेशनची, आणि डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्याला मुक्तांगणची स्थापना केली. ही केंद्रे पूर्ण वर्ज्यतेच्या मार्गाने गेली, आणि त्यांनी किती घरे सावरली हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. ब्युप्रेनॉर्फिन आपल्याकडे १९९० च्या दशकात उपचारासाठी वापरात आले. त्याची इंजेक्शने टोचून घेण्याचा गैरवापरही त्याच दशकात पसरला. मणिपूर-नागालँडमध्ये, जेथे सुईबरोबर एड्सने घरोघरी शिरकाव केला होता, इम्मॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या प्रॉटेस्टंट सेवासंस्थेने २००६ च्या सुमारास हा उपचार हाती घेतला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७ नंतर तो सरकारी कार्यक्रमात आणला, आणि २०१२ पासून मेथाडोनही काही मोजक्या ठिकाणी मिळू लागले. या केंद्रांत गोळी सर्वसाधारणपणे परिचारिकेसमोर जिभेखाली विरघळवून घेण्याची पद्धत आहे.

त्या रविवारी आम्ही त्या मातेला सांगितले होते की, एका बेडीऐवजी दुसरी बेडी घालून घेण्यात मुक्ती नाही; मुलाने प्रार्थनेच्या बळावर गोळी सोडावी, आणि आम्ही त्याच्या पाठीशी राहू. आम्ही पाठीशी राहिलोही. त्याने उपवासकाळाच्या आरंभी गोळी सोडली, रोज मिस्साला येऊ लागला, ईस्टरच्या रात्री त्याने हातात मेणबत्ती घेऊन बाप्तिस्म्याच्या शपथांची उजळणी केली. आम्हांस धन्यता वाटली. जून महिन्यात एके रात्री तो घसरला, बहुधा एकदाच, आणि सकाळी आई त्याला उठवायला गेली तेव्हा तो थंड पडला होता. डॉक्टरांनी सांगितले की, माप जुनेच होते, शरीर मात्र पूर्वीचे राहिले नव्हते.

अंत्यविधी आम्हीच केला. त्या माउलीने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट सांगावयास आम्हांस इतकी वर्षे लागली. नवव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर ती पुन्हा साक्रिस्तीच्या दाराशी आली होती. उरलेल्या गोळ्या तिने दवाखान्यात परत नेऊन दिल्या होत्या. दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाला लागतील, असे ती म्हणाली.